जज्जमामांनी न सांगितलेलं कारण

जज्जमामांकडे कुणी भांडण घेऊन आलं की ते आधी नातं काढायचे. भांडण कशावरून, कोण खरं, कोण खोटं, हे सगळं नंतर. "थांब, थांब. तुझी आजी आणि माझी आई मावसबहिणी. म्हणजे तू माझा भाचा. आणि हा? ह्याच्या बायकोचा चुलता माझा साडू लागतो. छे, हे जरा लांबचं झालं. तुझं पारडं जड आहे." मग दुसऱ्या माणसाशी आणखी एखादं जवळचं नातं सापडेपर्यंत ते डोळे मिटून बसायचे. आत्या, आतेभाऊ, कुणाची तरी दुसरी बायको, असं करत करत नातं जुळलं की मांडीवर थाप मारायचे. "हं! आता दोघेही सारखेच जवळचे. बोला."

कोर्टात न्यायाधीशाचं पक्षकाराशी नातं निघालं तर त्याला खटला सोडावा लागतो. मामांनी आयुष्यभर तो नियम पाळला. पण निवृत्त होऊन म्हैसूरला, आमच्या चामराजपुरम भागात परत आल्यावर त्यांनी तो उलटा केला, आणि त्यांना दुसरा इलाजच नव्हता. आम्ही म्हैसूरची मराठी माणसं. पूर्वज इथल्या फौजेत शिपाई म्हणून आले आणि इथलेच झाले. पिढ्यान् पिढ्या आपसांतच लग्नं. आमच्यात परका माणूस शोधायचा तर आगगाडीनं जावं लागेल! मामा म्हणायचे, "परका न्यायाधीश मिळत नसेल तर सगळ्यांचा सारखा नातेवाईक असलेला घ्यावा. तेवढाच पर्याय आहे."

हे कामकाज चालायचं घरापुढच्या ओट्यावर. त्याला आम्ही कानडी शब्दानं जगली म्हणतो. मामा वेताच्या खुर्चीत, भांडणारे ओट्यावर, आणि मामी आतून कॉफी घेऊन येणार. कॉफी संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. कॉफी असायची चटका बसेल इतकी गरम. "गरम कॉफी तोंडात असली की माणसाला ओरडता येत नाही," हे मामांचं तत्त्व. माझ्या लहानपणी आमचं घर त्यांच्या समोरच होतं, त्यामुळे पुष्कळ खटले मी आमच्या खिडकीतून फुकटात पाहिलेत. अर्धे तर कॉफीतच विरघळायचे. पेला खाली ठेवेपर्यंत माणूस म्हणायचा, "जाऊ द्या मामा, सुम्ने आलो होतो." सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या मराठीत असे शब्द सगळीकडे पेरलेले असतात, बाहेरच्यांनी सांभाळून घ्यावं.

मामा जज्ज होण्याआधी आमदार होते, हे नव्या पिढीतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. तरुणपणी वकिली नुकती सुरू झालेली असताना येलवालच्या बाजूच्या गावांनी त्यांना उभं केलं आणि निवडूनही दिलं. सायकलवर प्रचार केला म्हणे. पाच वर्षांत काय केलं विचारलं तर म्हणायचे, "पुष्कळ भाषणं ऐकली, थोडी केली, आणि एक रस्ता केला." त्या रस्त्यानंच त्यांना घरी बसवलं. एका मोठ्या गावानं रस्ता मागितला. मामांनी त्या गावच्या सभेत उभं राहून सांगितलं, "तुमचा रस्ता वाईट आहे, कबूल. पण पलीकडच्या वाडीला रस्ताच नाही. बाळंतीण खाटेवर घालून आणतात. आधी त्यांचा." झालं! पलीकडच्या वाडीत मतं ती किती असणार? पुढच्या निवडणुकीत मामा साफ पडले.

त्याचं त्यांना कधीही वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. थंडीच्या दिवसांत त्या वाडीतून अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचं पोतं त्यांच्याकडे यायचं. तिथल्या माणसांची पिढी बदलली तरी यायचं. सगळ्या गल्लीत शेंगा वाटल्या जायच्या, आणि घराघरांतून अवरेकाईच्या उप्पिट्टाचा वास सुटायचा. मामा जगलीवर बसून शेंगा सोलता सोलता म्हणायचे, "मतं थोडी मिळाली, पण शेंगा पुष्कळ." मामी आतून ओरडायच्या, "सोलायला मात्र मीच!"

निवडणूक हरल्यावर ते पुन्हा वकिलीकडे वळले आणि पुढे यथावकाश जिल्हा न्यायाधीश झाले. हासन, मंड्या, शिवमोग्गा, सगळीकडे बदल्या. एकदा काय झालं, ज्या गृहस्थानं त्यांना निवडणुकीत पाडलं होतं, त्याचाच जमिनीचा खटला मामांपुढे आला. तो माणूस आधीच अर्धमेला झाला. मामांनी भर कोर्टात सांगितलं, "ह्या खटल्यात माझं मन स्वच्छ नाही. हा दुसऱ्या न्यायाधीशांकडे द्यावा." वकील म्हणाले, साहेब, जुनं वैर आता कशाला मनात ठेवता? मामा म्हणाले, "वैर? अहो, ह्यांनी मला पाडलं म्हणून मी इथवर आलो. माझ्यावर ह्यांचे उपकार आहेत. मी ह्यांच्या बाजूनं निकाल देईन अशी मला भीती वाटते." ही गोष्ट सांगताना ते इतके हसायचे की चष्मा काढून पुसावा लागायचा.

त्यांचं एक वाक्य आमच्यात म्हणीसारखं झालं होतं: "कारण नसलेला निकाल म्हणजे हुकूम." जगलीवरचा निकाल एका वाक्याचा, पण त्यामागचं कारण चांगलं अर्धा तास चालायचं. हरलेल्या माणसाला आपण का हरलो हे पटेपर्यंत मामा त्याला उठू द्यायचे नाहीत. भिंतीवरून वाद घालणाऱ्या दोन साडवांना त्यांनी एकदा इतकं कारण सांगितलं की, दोघे मिळून म्हणाले, भिंत पाडतो पण आता जेवायला सोडा.

असा हा माणूस. आणि त्याच माणसानं आमच्या घरच्या खटल्यात कारण दिलं नाही.

माझे वडील, म्हणजे आप्पा, धाकटे. त्यांचे थोरले भाऊ ते माझे दोड्डप्पा आणि काकू ती दोड्डम्मा. थोरल्या काका-काकूंना इथं कानडीत असंच म्हणतात. दोड्डप्पांना मूलबाळ नव्हतं. मी त्या एकाच घरात दोन आयांच्या हाताखाली वाढले. वेणी दोड्डम्मा घालायची, मार आई द्यायची. आजी होती तोवर सगळं सुरळीत होतं. ती गेली, आणि त्याच सुमारास आप्पांनी शहराबाहेर हूटगळ्ळीला कारखान्याजवळ घर बांधलं. आता कुलदेवी कुठे राहायची?

आमची देवी म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला तळहाताएवढा टाक. तो एका घरात एकच असतो, त्याची वाटणी होत नाही. दोड्डप्पा म्हणाले, थोरल्याकडे राहायची रीत आहे. आप्पा म्हणाले, "रीत थोरल्याची आणि पूजा धाकट्याची? तू एकटा बाहेरगावच्या नोकरीत होतास तेव्हा इतकी वर्षं दिवा कोणी लावला?" तेही खोटं नव्हतं. नव्या घरात त्यांनी देवीसाठी संगमरवरी देव्हारासुद्धा करून ठेवला होता. शब्दाला शब्द वाढत गेला. आणि मग आप्पा ते बोलून गेले. "तुझ्यामागे कोण आहे रे देवीला दिवा लावायला?"

दोड्डम्मा दारात उभी होती. ती आत निघून गेली. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कधी आला नाही.

कोर्टात जायची भाषा सुरू झाली तेव्हा आईनं दोघांना जज्जमामांकडे ढकललं. दोघे जगलीच्या दोन टोकांना बसले. मामांनी सवयीनं नातं काढायला डोळे मिटले आणि लगेच उघडले. सख्खे भाऊ! जे एकाचं तेच दुसऱ्याचं. काढायचं काय आणि सारखं करायचं काय? मामा पुटपुटले, "सख्ख्यांचा खटला सगळ्यांत वाईट." कॉफी आली, संपली. दोघांनी आपापलं सांगितलं. मामांनी दोघांकडे पाहिलं, मग बराच वेळ समोर आमच्या घराच्या दाराकडे पाहिलं. तिथे मी आणि दोड्डम्मा उभ्या होतो.

"देवी चामराजपुरमला राहील. थोरल्याकडे. आयतु." आयतु म्हणजे झालं, संपलं.

आप्पा म्हणाले, "कारण?"

"कारण देणार नाही."

"मामा, कारण नसलेला निकाल म्हणजे हुकूम, असं तुम्हीच म्हणता."

"हो. मग हुकूमच समज."

आप्पा उठून उभे राहिले. "म्हणजे रीत एवढंच ना? थोरला म्हणून?"

"रीतीचा ह्यात काही संबंध नाही," मामा म्हणाले आणि उठून आत गेले.

आप्पा तरातरा निघाले. रागाच्या भरात पायांत मामांच्याच चपला अडकवल्या. फाटकापाशी ते लक्षात आलं, परत आले, चपला बदलल्या आणि पुन्हा तितक्याच रागानं निघाले. मला हसू आलं आणि रडूही आलं.

त्यानंतर आप्पांनी मामांचं नाव टाकलं. "जज्ज कसला, भिडेला बळी पडणारा म्हातारा!" असं चारचौघांत म्हणायचे. भावाचं दार तर बंदच. दसऱ्याला आम्ही हूटगळ्ळीच्या रिकाम्या संगमरवरी देव्हाऱ्यात देवीची तसबीर ठेवून पूजा करायचो. मी मात्र कॉलेजातून आणि पुढे ऑफिसातून येताना बस बदलून चामराजपुरमला जायचे. आप्पांना ठाऊक होतं, त्यांनी कधी विचारलं नाही. दोड्डम्मा मला पोटभर खाऊ घालायची आणि निघताना हळूच विचारायची, "आप्पा बरा आहे ना ग?" दोड्डप्पा काही विचारायचे नाहीत. पण देवी लखलखीत असायची. चिंच लावून ते स्वतः घासायचे. घरात दोनच माणसं, तिसरं कुणी येणारं नाही, जाणारं नाही. मला त्या घरातून निघताना फार जड व्हायचं.

वाटेत मामा जगलीवर दिसायचे. मी एकदा चिडून त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही आमचं घर मोडलंत. निदान कारण तरी सांगा." मामांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि, घरात मला सगळे पुट्टी म्हणजे छोटी म्हणायचे तशी हाक मारून, भलतंच विचारलं, "पुट्टी, तू आता किती मोठी झालीस? लग्नाबिग्नाचं काही?" मी रागानं म्हटलं, माझ्या लग्नाचं सोडा. तर म्हणाले, "सोडतो. पण तू सोडू नकोस." म्हातारपणी डोकं जरा हललंय, असं मी ठरवून टाकलं.

आणि मग माझं लग्न ठरलं. मुलगा हुणसूरचा, ओळखीतलाच. पत्रिका छापून आल्या. आप्पांनी पाहुण्यांची नावं काढायला घेतली, त्यात थोरल्या भावाचं नाव नव्हतं. मी म्हटलं, दोड्डम्माशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. आप्पा म्हणाले, बघू. त्यांचं 'बघू' म्हणजे नाही. तेव्हा आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. "माणसांचं नंतर बघा. पहिली अक्षत देवीची. ती घेऊन कधी जाताय?"

आप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण ही रीत आमच्यात कुणी मोडत नाही. पहिली पत्रिका, हळदकुंकू लावून, अक्षतांसह कुलदेवीपुढे ठेवायची. तीही घरच्या कर्त्यानं, मुलीला सोबत घेऊन, स्वतः जाऊन. आणि देवीची पूजा ज्याच्याकडे असेल त्यानं ती पत्रिका उचलून देवीच्या वतीनं उत्तर द्यायचं.

"तसबिरीपुढे ठेवू," आप्पा म्हणाले.

"माझ्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नात मी तसबिरीवर भागवणार नाही," आई म्हणाली. आईनं एवढ्या ठाम आवाजात बोललेलं आप्पांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

चार दिवस तसेच गेले. मग एका रविवारी आप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून म्हणाले, "चल पुट्टे. ठेवायचं, नमस्कार करायचा, निघायचं. बसायचं नाही." आणि त्यांनी स्कूटर काढली.

दार दोड्डम्मानं उघडलं. आप्पांना पाहून तिचा हात कडीवरच राहिला. आप्पा खाली मान घालून सरळ देवघरात गेले. पत्रिका ठेवली, अक्षता ठेवल्या, हात जोडले. दोड्डप्पा आले. रीतीप्रमाणे त्यांनी पत्रिका उचलली, कपाळाला लावली. म्हणाले, "देवी येईल."

आता आम्ही निघायचं. मी आप्पांकडे पाहिलं. आप्पा हलेनात. घसा खाकरून, भिंतीकडे बघत म्हणाले, "एकटी कशी येईल? कुणीतरी आणायला पाहिजे तिला."

आप्पा वळले आणि भावाकडे नव्हे, दोड्डम्माकडे गेले. "वहिनी, त्या दिवशी माझी जीभ झडायला हवी होती." दोड्डम्मा म्हणाली, "झडली असती तर आज अक्षत कशी दिली असतीस? बस. कॉफी टाकते." आणि आत जाऊन ती इतकी रडली की कॉफी शेवटी मीच केली.

दोघे भाऊ बोलत बसले. काय बोलत होते म्हणता? हूटगळ्ळीला पाणी किती वेळ येतं, स्कूटर कुठे दुरुस्त करतोस! इतक्या वर्षांनी भेटलेले भाऊ असंच बोलतात बहुतेक. मग आप्पा एकदम उठले. "मी जरा समोर जाऊन येतो."

मीही मागोमाग गेले. मामा खूप थकले होते, ऐकू कमी येत होतं. आप्पा त्यांच्यापुढे उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "मामा, कारण पाहिजे."

मामांना लगेच कळलं. जणू त्यासाठीच ते खुर्चीत बसून होते. "ये, बस. अरे दत्तू, तुझ्या घरी मुलगी. तिचं लग्न होणार, मग पहिलं बाळंतपण, बारसं, काही ना काही. प्रत्येक कार्याला तुला देवीपुढे यावं लागणार. देवी थोरल्याकडे असली तर तू त्याच्या दारात येणार, कितीही रागावलास तरी. आणि देवी तुला दिली असती, तर त्याला तुझ्याकडे यायला कुठलं कार्य होतं? तो एकदा दार लावून बसला असता तो कायमचा. ज्याच्याकडे कुणी येणार नाही, त्याच्याकडे मी देवी ठेवली."

आप्पा त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तू हट्टानं अक्षत टपालानं पाठवली असतीस! मी ओळखत नाही तुला?"

"इतकी वर्षं मी तुम्हाला काय काय बोललो, मामा. आणि तुम्ही अपीलसुद्धा ठेवलं नव्हतं."

"ठेवलं होतं की," मामा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "अपील तुझ्याच घरात वाढत होतं."

मी म्हटलं, "आणि मी पळून जाऊन रजिस्टर लग्न केलं असतं तर?"

"तर मी हरलो असतो. सवय आहे मला!" आणि मामा चष्मा काढून हसले. आप्पांनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मामींनी ते दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, "आता तरी कॉफी संपेपर्यंत गप्प बसा दोघे."

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. मामा मागच्या आषाढात गेले. झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. त्यांच्या मागे जगलीवरची भांडणं आता कुठे जातात मला माहीत नाही. काही कोर्टात जात असतील, काही मनातच राहत असतील. त्यांची आठवण आली की मला वाईट कमी वाटतं आणि बरं जास्त वाटतं, हे लिहायला काही संकोच नाही. लग्नातला त्यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, आणि हलू नयेच.

मांडवात पहिल्या रांगेत त्यांना बसवलं होतं. भटजींनी कन्यादानाला बोलावलं. सकाळपासून आई दोड्डम्माला या ना त्या कामाला लावून नाश्त्याला बसूच देत नव्हती, आणि दोड्डप्पांच्या हातातली इडलीची ताटली तर तिनं सरळ हिसकावून घेतली होती. ते का, हे मला तेव्हा कळलं. कन्यादान करणाऱ्यांनी उपाशी असायचं असतं. आप्पा पाटावर बसलेच नाहीत. त्यांनी भावाचा हात धरून त्याला पाटावर बसवलं. "अण्णा, तू बस. वहिनी, तुम्ही बसा. वेणी तुम्ही घातलीत तिची." दोड्डम्मा म्हणाली, "मी?" आणि आईनं तिला हाताला धरून पाटावर बसवलं. माझा हात दोड्डप्पांच्या हातात होता आणि वरून दोड्डम्मा पाण्याची धार सोडत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी आणि माझ्या डोळ्यांतलं, सगळं त्या धारेत एकच झालं.

मामा कानामागे हात धरून विचारत होते, काय झालं, काय झालं? मामींनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. आप्पा त्यांच्याजवळ गेले तेव्हा त्यांनी आप्पांचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाले,

"दत्तू, हा निकाल मला सुचला नसता रे."